काळ्या पडद्यामागची कुलपे

गणपतीला मुंबई-पुण्याहून कोकणात जे सामान उतरते, त्यात गेल्या काही वर्षांत एका वस्तूची भर पडली आहे. मिठाईचे खोके, पोरांचे कपडे, आईची औषधे, आणि पिशवीच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेला एक जुना लॅपटॉप. मुलाने कंपनीतून नवा घेतलेला असतो. जुना ‘अजून चांगला चालतोय’ म्हणून गावी येतो. धाकट्या भावाच्या कॉलेजसाठी, बहिणीच्या मुलीसाठी, नाहीतर वडिलांना वीजबिल भरायला आणि नातवंडांची तोंडे बघायला.

आमचे अलोरे हे चिपळूण तालुक्यातले, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे नावारूपाला आलेले गाव. इथल्या घराघरांत असे लॅपटॉप आहेत. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतले कितीतरी संगणक चिखलात गेले, त्यानंतर तर अशा जुन्या यंत्रांना चांगलेच मोल आले. कोकणी माणूस वस्तू टाकत नाही. फणसाच्या जुन्या पाटापासून ते बंद पडलेल्या पंख्यापर्यंत सारे काही माळ्यावर ‘लागेल कधीतरी’ म्हणून जपून ठेवलेले असते. लॅपटॉपनेच काय घोडे मारले आहे?

परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी या साऱ्या हिशेबाला धक्का बसला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ ला दिला जाणारा नेहमीचा मोफत आधार थांबवला. काही अटींवर एक वर्षाची वाढीव मुदत दिली, पण ती तात्पुरती मलमपट्टी. ‘विंडोज ११’ घ्यावे, तर ते साधारण २०१७ च्या आधीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारतच नाही, आणि सुरक्षेची एक खास चिपही मागते. म्हणजे यंत्र धडधाकट, पण त्याचा दाणापाणी बंद. अशा वेळी कोणीतरी जाणता सांगतो, ‘लिनक्स टाका.’

सल्ला चांगला आहे. मी स्वतः शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून देतो, आणि एरवी त्याची शिफारसच करीन. ते फुकट मिळते, जुन्या यंत्रावर हलके चालते, व्हायरसचा त्रास फारसा देत नाही, आणि मराठीतही वापरता येते. केरळच्या सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षे मुले लिनक्सवरच शिकत आली आहेत. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामासाठी मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. तरीही लिनक्स बसवताना एका प्रश्नापाशी मी दर वेळी थबकतो. लॅपटॉप हातात घेतला की मी आधी त्याचा प्रोसेसर विचारत नाही की मेमरी विचारत नाही. मी विचारतो, ‘यात ग्राफिक्सची वेगळी चिप आहे का? आणि कोणाची?’

या प्रश्नात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. आपण पैसे मोजून घेतलेली वस्तू खरोखर आपली असते का, इथपर्यंत ती जाऊन पोहोचते.

शब्दकोश न देणारा दुभाषा

संगणकात ‘ड्रायव्हर’ नावाचा एक प्रकार असतो. एसटीच्या ड्रायव्हरशी त्याचे नाते नावापुरतेच. तो असतो दुभाषा. छपाईयंत्र, वाय-फाय, आवाज, पडदा या प्रत्येक भागाची आपली वेगळी बोली असते. संगणकाची मुख्य प्रणाली म्हणते, ‘इथे एक खिडकी उघड.’ ड्रायव्हर ते वाक्य त्या चिपच्या बोलीत सांगतो, आणि चिप लक्षावधी ठिपके रंगवून पडद्यावर खिडकी उभी करते. हे सेकंदाला साठ वेळा चालते. दुभाषा गप्प बसला की पडदा काळा.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यातच असतात. या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. त्याचा प्रत्येक शब्द उघड आहे, कोणीही वाचावा, कोणीही दुरुस्त करावा. कर्नल बदलला की त्यातले ड्रायव्हरही त्याबरोबर बदलून दिले जातात. एखाद्या एकत्र कुटुंबात घर रंगवायचे ठरले की सगळ्या खोल्या एकदमच रंगतात, तसे.

पण काही ग्राफिक्स चिपांचा ड्रायव्हर या कुटुंबात राहत नाही. तो कंपनीचा, बंदिस्त. तुम्हाला तयार गोळी मिळते, तिच्यात काय आहे ते मिळत नाही. तो बाहेरून येतो आणि प्रत्येक नव्या कर्नलशी त्याला नव्याने जुळवून घ्यावे लागते. लिनक्सचा कर्नल तर काही आठवड्यांनी बदलतच असतो. कंपनीने त्या बदलाबरोबर आपला ड्रायव्हर सुधारला तर ठीक. नाही सुधारला, तर दोघांची भाषा जुळत नाही. जगातले हजारो हुशार प्रोग्रॅमर मदतीला तयार असले तरी त्यांना काही करता येत नाही, कारण शब्दकोश कंपनीच्या तिजोरीत.

आमच्या शेजारच्या एका मुलीचे उदाहरण सांगतो. अभियांत्रिकी पदविकेचे शेवटचे वर्ष. मामाने पुण्याहून पाठवलेला लॅपटॉप, वेगळ्या ग्राफिक्स चिपचा, घेतला तेव्हा म्हणे चांगलाच महाग होता. लिनक्सवर चार-पाच महिने उत्तम चालला. प्रकल्पाचा अहवाल द्यायच्या दोन दिवस आधी रात्री अद्ययावतीकरण झाले, आणि सकाळी यंत्र सुरू केले तर काळा पडदा. कोपऱ्यात एक रेघ तेवढी लुकलुकत होती.

ती आधी तालुक्याच्या एका दुकानात जाऊन आली. तिथे सांगण्यात आले, ‘ग्राफिक्स गेले. बोर्ड बदलावा लागेल. त्यापेक्षा नवाच घ्या.’ वडील प्रकल्पातून निवृत्त झालेले. नव्या लॅपटॉपचा आकडा ऐकून घरात कोणी बोलेना. संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली.

‘काका, बोर्ड गेलाय म्हणतात. अहवाल आतच आहे.’

‘बोर्ड गेला असता तर ही रेघ कोणी दाखवली असती?’ मी म्हटले.

यंत्र पुन्हा सुरू केले, सुरुवातीची यादी उघडली आणि तिच्यातून आदल्या आठवड्याचा जुना कर्नल निवडला. दोन मिनिटांत तिचा नेहमीचा पडदा समोर आला. यंत्र ठणठणीत होते. झाले होते एवढेच, की नवा कर्नल आला आणि त्या जुन्या चिपचा बंदिस्त ड्रायव्हर त्याच्याशी जुळलाच नाही. कारण कंपनीने त्या पिढीच्या चिपांवर काम करणे थांबवले होते. दुसऱ्या दिवशी तिचा अहवाल वेळेवर गेला. मग आम्ही ती मोठी चिप कायमची बाजूला ठेवली आणि लॅपटॉप त्यातल्या साध्या, लहान चिपवर चालवला. पंख्याचा घोंगाट थांबला, बॅटरीही जास्त टिकू लागली. पण ज्या चिपसाठी मामाने जास्तीचे पैसे मोजले होते, ती आता निव्वळ वजन होती. दारात मोटार उभी, पण किल्ली दुसऱ्या गावी.

कोयनेची उपमा

एका लॅपटॉपमध्ये दोन-दोन ग्राफिक्स चिपा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या भागातल्या माणसाला चटकन समजते, कारण आमच्या डोंगराच्या पोटात नेमका तोच विचार आहे.

कोयनेची एकूण क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट. त्यातला चौथा टप्पा एकट्याच १,००० मेगावॅटचा. त्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी शिवसागर जलाशयाला खालून छेद देण्यात आला, तो दिवस इथे अजून आठवतात. अलोऱ्याजवळचा तिसरा टप्पा ३२० मेगावॅटचा. वरच्या वीजगृहांतून सुटलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून तो पुन्हा वीज काढतो. ही यंत्रे दिवसभर पूर्ण जोराने फिरत नाहीत. संध्याकाळी राज्यभर दिवे लागले, मागणी चढली की ती झटपट सुरू होतात आणि गरज सरली की थांबतात. म्हणूनच कोयनेला महाराष्ट्राच्या विजेच्या हिशेबात एवढी किंमत आहे.

लॅपटॉपमधली मोठी चिप म्हणजे असेच मागणीपुरते चालणारे वीजगृह. एरवी पत्र लिहायला, बातम्या वाचायला लहान चिप पुरेशी असते. खेळ, चित्रपटाचे संकलन, घरबांधणीचे त्रिमितीय आराखडे असे काही निघाले की मोठी जागी व्हावी आणि काम झाले की झोपावी. एनव्हिडिया या कंपनीने २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ या नावाने ही सोय आणली. बऱ्याच लॅपटॉपांत पडद्याची तार लहान चिपलाच जोडलेली असते. मोठी चिप चित्र तयार करते आणि लहानीच्या हाती देते. कल्पना नामी. पण ती चालायची तर दोन्ही चिपांच्या दुभाष्यांचे एकमेकांशी बोलणे हवे. विंडोजवर ते होते. लिनक्सवर त्या वेळी नव्हते. लहान चिपचा दुभाषा उघड, मोठीचा बंदिस्त. परिणामी मोठी चिप एकतर कधी जागीच होईना, किंवा जागी झाली की झोपेना. मग लॅपटॉप तव्यासारखा तापे आणि बॅटरी तासाभरात मान टाके.

कंपनीची वाट न पाहता काही हौशी मंडळींनी २०११ मध्ये ‘बंबलबी’ नावाचा जुगाड तयार केला. तो बऱ्यापैकी चालला. पण त्याच्या एका आवृत्तीत एका आज्ञेत चुकून एक मोकळी जागा जास्त पडली, आणि ड्रायव्हरची एक जुनी फाइल पुसायच्या ऐवजी ती आज्ञा संगणकातले सगळे कार्यक्रम ज्यात असतात ते अख्खे दालनच पुसू लागली! एका मोकळ्या जागेची एवढी जबर किंमत क्वचितच कोणी मोजली असेल. यात हसण्यासारखे आहे, तसे विचार करण्यासारखेही. ज्यांनी हे यंत्र बनवले ते गप्प बसले, म्हणून ज्यांना आतले काही माहीत नव्हते त्यांना अंधारात हात घालावा लागला. कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय लिनक्ससाठी नीटपणे आली ती २०१९ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. एका लॅपटॉपचे तेवढे आयुष्य असते.

एका छपाईयंत्रापासून

हे भांडण मात्र लॅपटॉपच्या कितीतरी आधीचे आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे एक नवे लेसर छपाईयंत्र आले. त्यात कागद अडकत असे. तिथला तरुण प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन याला एवढेच करायचे होते, की कागद अडकला की ज्याचे काम खोळंबले त्याला तसा निरोप जावा. आधीच्या यंत्रात त्याने ते केलेही होते. नव्या यंत्राच्या ड्रायव्हरचा मूळ मजकूर मात्र त्याला मिळाला नाही. ज्या संशोधकाकडे तो होता, त्याने गुप्ततेचा करार दाखवून नकार दिला. स्टॉलमनच्या डोक्यात ती गोष्ट बसली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९९१ मध्ये फिनलंडच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिलेला लिनक्स कर्नल त्याला येऊन मिळाला. आज जगभर चालणाऱ्या या साऱ्या चळवळीच्या मुळाशी एक अडकलेला कागद आणि एक न मिळालेला ड्रायव्हर आहे.

त्याच टोरवाल्ड्सला जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या सभेत एका महिलेने उठून विचारले, की माझ्या लॅपटॉपवर हे ऑप्टिमस चालत नाही, त्याचे काय? उत्तरादाखल या गृहस्थाने सगळ्यांसमोर एनव्हिडियाला उद्देशून मधले बोट दाखवले आणि आमचा संबंध आलेल्या कंपन्यांत ही सर्वांत वाईट, असे सांगितले. शिष्टाचार म्हणून ते समर्थनीय नाही. परंतु जगभरच्या किती लोकांनी त्या क्षणी मनातून टाळ्या वाजवल्या असतील, याची कल्पना करता येते.

कंपनीचीही बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. आधुनिक ग्राफिक्स चिपचे निम्मे मर्म तिच्या ड्रायव्हरमध्येच असते. प्रतिस्पर्ध्याला ते आयते का द्यावे? त्यात इतरांकडून परवान्यावर घेतलेला मजकूरही असतो, जो उघड करण्याचा अधिकार कंपनीला नसतो. शिवाय एनव्हिडिया लिनक्ससाठी ड्रायव्हर देतच नव्हती असेही नाही. फार पूर्वीपासून देत आली आहे, आणि हॉलिवूडच्या चित्रपटांची दृश्ये रंगवणाऱ्या मोठ्या स्टुडिओंत तो उत्तम चालत आला आहे. तक्रार ड्रायव्हर नसल्याची कधीच नव्हती. तो कुलूपबंद होता, ही तक्रार.

पण हे मर्म सांभाळूनही दार उघडता येते, हे इतरांनी दाखवून दिले. इंटेलने आपल्या बहुतेक ग्राफिक्सचे ड्रायव्हर उघडेच ठेवले. एएमडीने एटीआय ही कंपनी विकत घेतल्यावर सप्टेंबर २००७ मध्ये चिपांची कागदपत्रे प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले, आणि २०१५ पासून तिचा नवा उघडा ड्रायव्हर थेट कर्नलमध्येच आहे. दोघींचेही दिवाळे निघालेले नाही. उलट त्याचा फायदा बघा. रेडिऑन जातीच्या २०१२ च्या सुमाराच्या चिपांसाठी २०२५ मध्येही नव्या सुधारणा लिहिल्या गेल्या, आणि त्या लिहिणारा एएमडीचा नोकर नव्हता. वाल्व्ह या खेळांच्या कंपनीसाठी काम करणारा एक प्रोग्रॅमर होता. दार उघडे असले की शेजारीही पाणी भरून ठेवतो.

एनव्हिडियाच्या चिपांसाठी मात्र ‘नूवो’ नावाचा उघडा ड्रायव्हर लोकांनी चोरपावलांनी नव्हे, पण चाचपडत तयार केला. कंपनीचा ड्रायव्हर चिपशी काय बोलतो ते टिपायचे, त्यावरून अर्थ लावायचा, मुक्या माणसाच्या खुणा समजून घ्याव्यात तसे. २०१० मध्ये तो कर्नलमध्ये आला. पण २०१४ च्या शेवटापासूनच्या चिपांना कंपनीची सही असलेल्या आतल्या प्रणालीशिवाय वेग वाढवताच येईना. त्यामुळे नूवोवर ती चिप कायम पहिल्या गिअरमध्ये चालणाऱ्या मोटारीसारखी झाली. चालते, पण घाट चढत नाही.

पुण्यातला ऐरावत आणि अलोऱ्यातला लॅपटॉप

या गोष्टीला आपल्या महाराष्ट्रात एक वेगळीच कडा आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने आपल्याला महासंगणक द्यायला खळखळ केली, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. कोणी किल्ली देत नसेल तर आपण आपले कुलूप घडवू, हा त्यामागचा अभिमान त्या वेळी घरोघरी पोहोचला होता.

आज त्याच सी-डॅकच्या पुण्यातल्या ‘परम सिद्धी-एआय’ ने २०२० मध्ये जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांत ६३ वा क्रमांक मिळवला आणि ‘ऐरावत’ने २०२३ मध्ये ७५ वा. दोन्हींच्या पोटात एनव्हिडियाच्या चिपा, आणि दोन्हींवर लिनक्स. नोव्हेंबर २०१७ पासून तर त्या पाचशेच्या यादीतले झाडून सारे महासंगणक लिनक्सवरच चालतात. कंपनीचे एक मोठे अभियांत्रिकी केंद्रही पुण्यातच आहे. म्हणजे हिला लिनक्स जमत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. कोट्यवधी रुपयांच्या ऐरावतापुढे लिनक्स आणि ही चिप हातात हात घालून उभ्या राहतात. अडीचशे किलोमीटरच्या आतल्या अलोऱ्यात, दहा वर्षांच्या लॅपटॉपवर मात्र त्यांची बोलचाल बंद. तंत्र तेच, गिऱ्हाईक वेगळे. प्रश्न जमण्याचा नसून कोणाकडे लक्ष द्यायचे याचा आहे.

मे २०२२ मध्ये अखेर एनव्हिडियाने आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग उघडा केला आणि २०२४ मध्ये नव्या चिपांसाठी तोच मुख्य मानला. जगातले मोठमोठे संगणक-कारखाने हे तिचे मुख्य गिऱ्हाईक झाल्यावर हे घडले, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. स्वागत मात्र करायलाच हवे. त्याच्या आधाराने ‘एनव्हीके’ आणि रेड हॅटच्या अभियंत्यांनी सुरू केलेला ‘नोव्हा’ असे नवे उघडे ड्रायव्हर आकार घेत आहेत. पण यात एक मेख आहे. चित्र रंगवणारा कंपनीच्या ड्रायव्हरचा मोठा भाग अजून बंदच आहे, आणि उघडलेला भाग चालतो तो २०१८ मध्ये आलेल्या ‘ट्युरिंग’ पिढीपासून पुढच्या चिपांवर.

त्याच्या आधीच्यांचे काय? त्यांचा बंदिस्त ड्रायव्हर पिढीपिढीने बंद होत गेला. एक शाखा २०१९ च्या अखेरीस थांबली, दुसरी २०२२ मध्ये, तिसरी २०२४ मध्ये. २०२५ मध्ये कंपनीने सांगितले, की ‘मॅक्सवेल’ आणि ‘पास्कल’ या २०१४ ते २०१७ च्या काळातल्या लोकप्रिय चिपांना सांभाळणारी ५८० क्रमांकाची शाखा ही शेवटची. तिला काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील, मग नाही.

आता दोन तारखा शेजारी शेजारी ठेवा. ज्या वयाच्या लॅपटॉपांना ‘विंडोज १०’ च्या अस्ताने घराबाहेर काढले, साधारण त्याच वयाच्या चिपांना लिनक्सवरच्या बंदिस्त ड्रायव्हरनेही निरोप द्यायला सुरुवात केली. पुढचे दार लागले तेव्हाच मागचेही लागत आहे. गणपतीला टॉवेलात गुंडाळून आलेला लॅपटॉप नेमका या दोन दारांच्या मध्ये सापडला आहे.

नकाशे कोणाकडे?

प्रकल्पाच्या वसाहतीत राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट न शिकवता कळते. यंत्राबरोबर त्याचे नकाशे असतात. ते असले म्हणजे यंत्र बनवणारा दूर असो, बदललेला असो, अगदी नसला तरी पुढच्या पिढीचा माणूस ते उलगडून, समजून घेऊन यंत्र चालते ठेवतो. नकाशे नसलेले जनित्र म्हणजे पन्नास टनांचे कोडे.

घरच्या यंत्रांनाच हा न्याय का नसावा? आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीच्या हक्का’चे व्यासपीठ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्या दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी ग्राहकाला द्यावी, हा त्याचा हेतू. दुरुस्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्क्रू आणि सुटे भाग येतात. परंतु आजच्या यंत्रात ड्रायव्हर हाही सुटा भागच आहे, आणि तो मिळेनासा झाला की यंत्र तितकेच निकामी होते. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रॅमशी आपला प्रोग्रॅम जुळवण्यासाठी लागणारी माहिती इतरत्र सहज मिळत नसेल तर ती शोधून काढण्याची मुभा आहे. म्हणजे नूवोसारख्या खटपटीला आपला कायदा चोरी मानत नाही. पण शोधून काढण्याची मुभा वेगळी आणि माहिती मिळण्याचा हक्क वेगळा.

मागणे मोठे नाही. कंपनीने ड्रायव्हर पोसायचा तोवर खुशाल पोसावा, बंद ठेवायचा तर बंदही ठेवावा. मात्र ज्या दिवशी ती त्या चिपला ‘आता आमचा संबंध नाही’ असे सांगते, त्या दिवशी तिने नकाशे खुले करावेत. जिच्याकडून आता एक रुपयाही मिळवायचा नाही, त्या चिपचे गुपित सांभाळून कोणाचे काय राखले जाते? सरकारनेही शाळा-कचेऱ्यांसाठी लॅपटॉप घेताना त्याचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत की नाहीत हे निविदेत विचारावे. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाने एक ओळ लिहिली, तर जगातल्या कोणत्याही कंपनीला ती वाचावी लागेल.

तोवर आपण काय करावे?

सुट्टीच्या दिवशी वाचकाला नुसता उपदेश देऊन सोडणे बरे नाही, म्हणून अनुभवाचे चार शब्द.

जुना लॅपटॉप घेताना वा स्वीकारताना ग्राफिक्स कोणाचे ते आधी विचारा. इंटेलचे किंवा एएमडीचे असेल तर लिनक्सवर बहुधा निर्धास्त राहावे. खेळांसाठी म्हणून मिरवणारा जुना लॅपटॉप स्वस्तात मिळत असेल तर तो का स्वस्त आहे, याचा विचार करा.

लिनक्स थेट बसवू नका. पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते. तासभर वापरा, झाकण मिटून उघडा, व्हिडिओ लावा, दुसरा पडदा जोडा. मगच ठरवा. आणि दीर्घ मुदतीच्या आधाराची आवृत्ती निवडा. रोज नव्याचा सोस असलेली नको.

बंदिस्त ड्रायव्हर लागलाच तर तो कंपनीच्या संकेतस्थळावरून उचलू नका. तुमच्या लिनक्सच्या स्वतःच्या कोठारातून घ्या. तिथला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलबरोबर आपोआप जुळवून बांधण्याची व्यवस्था असते. ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर बसवताना एक परवलीचा शब्द विचारला जातो आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर तो पुन्हा द्यावा लागतो. पुष्कळ जण तिथे घाबरून काहीतरी दाबतात आणि मग ड्रायव्हर चालत नाही म्हणतात.

पडदा काळा झालाच तर लॅपटॉप दुकानात नेण्याआधी सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडून पाहा. तो चालला तर बोर्ड शाबूत आहे. जुना कर्नल म्हणूनच कधी पुसू नये. चिप फारच म्हातारी असेल तर मोह सोडावा, तिला बंद करावे आणि लहान चिपवर संसार करावा. अभ्यासाला, पत्रव्यवहाराला, बँकेच्या कामाला तेवढे पुरते. आणि परीक्षेच्या, अहवालाच्या आठवड्यात अद्ययावतीकरण अजिबात करू नये. लग्नाच्या दिवशी कोणी घराचे कौल उतरवत नाही.

यंत्र जुने झाले की ते टाकणे हा अलीकडचा संस्कार आहे, आणि त्यातल्या पुष्कळ यंत्रांना मरण वयाने येत नाही. कुठेतरी दूर, एका बैठकीत, कोणी तरी यादीतून एक ओळ खोडते, आणि इथे एका मुलीच्या टेबलावरचा पडदा काळा होतो. त्या यादीवर आपली सही नसते, आपल्याला कोणी विचारलेले नसते. लॅपटॉपची पावती मात्र आपल्या नावाची असते. ती पावती नेमकी कशाची, वस्तूची की वस्तू काही वर्षे वापरण्याच्या परवानगीची, हे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाने सोडता कामा नये.